अमुकऐवजी तमुक वाचावे

५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा हा मध्य प्रदेशाचा पंचावन्नावा जिल्हा अस्तित्वात आला आणि पांढुर्णा व सौसर हे दोन्ही भाग छिंदवाड्यापासून वेगळे झाले. आपल्या मंडळापुढे त्या दिवसापासून एक लहानसे, घरगुती म्हणावे असे काम उभे राहिले. मंडळाचे जुने अंक, सभासद कुटुंबांच्या वंशावळी, देणगीदारांच्या याद्या, जुन्या दस्तांच्या टंकलिखित नकला हे सारे साहित्य गेल्या काही वर्षांत संगणकावर चढविण्यात आले आहे. फायलींची संख्या तीनशेच्या वर जाते. जवळजवळ प्रत्येक फायलीत कोठे ना कोठे ‘जिल्हा छिंदवाडा’ हे शब्द आहेत. ते बदलावेत असे कार्यकारिणीत ठरले आणि शासकीय सेवेत आयुष्य घालविलेला मनुष्य म्हणून ते काम माझ्याकडे आले. मीही ते आनंदाने घेतले. शब्द बदलण्याचे काम मला नवे नव्हते.

माझ्या बहिणीचा नातू पुण्यास संगणकशास्त्र शिकतो. तो त्या वर्षी दिवाळीला आला असता मी एकेक फाईल उघडून, शब्द शोधून, खोडून, नवा शब्द टंकित बसलो होतो. थोडा वेळ पाहून तो म्हणाला, “आजोबा, तीनशे फायली कशाला उघडता? एका ओळीचं काम आहे.” त्याने काळा पडदा उघडला. त्यावर चित्र नाही, खिडकी नाही. केवळ आज्ञा लिहावयाची आणि ती पाळली गेली की पुढची ओळ येते. ह्यालाच कमांड लाइन म्हणतात. त्याने एक ओळ टंकित केली, कळ दाबली, आणि माझ्या हातातला चहा निवण्यापूर्वी तीनशे फायलींतील छिंदवाडा जिल्हा पांढुर्णा जिल्हा झाला. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्यानंतर आम्ही एक स्मरणपुस्तिका त्याच फायलींवरून छापून घेतली.

पुस्तिका घरोघर पोहोचल्यावर पंधरा दिवसांनी मोहगावच्या बाजूच्या एका जुन्या कुटुंबातील आजी आपल्या मुलासह माझ्याकडे आल्या. वय ऐंशीच्या पुढे. पुस्तिका उघडून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवले आणि विचारले, “भाऊ, माझ्या सासऱ्यांच्या वेळेस पांढुर्णा जिल्हा होता काय?”

ते १९३८ सालचे बक्षीसपत्र होते. मूळ दस्तात ‘तहसील सौसर, जिल्हा छिंदवाडा, मध्यप्रांत व वऱ्हाड’ असे स्वच्छ लिहिलेले. आमच्या छापील नकलेत ‘तहसील सौसर, जिल्हा पांढुर्णा, मध्यप्रांत व वऱ्हाड’. १९३८ साली मध्यप्रांत व वऱ्हाड नावाचा प्रांत होता, आणि २०२३ साली पांढुर्णा नावाचा जिल्हा झाला. हे दोन्ही एका ओळीत नांदतील असा काळ कधी आला नाही. मुलाने ती छापील नकल वाचावयास सोपी म्हणून मूळ दस्ताच्या छायाप्रतीसोबत जमिनीच्या नामांतरणाच्या अर्जाला जोडली होती. दोन कागद जुळेनात म्हणून अर्ज परत आला. ह्यात दोष कार्यालयाचा नव्हता. त्या खुर्चीवर मी असतो तर मीही तोच शेरा मारला असता.

मग मी सर्व फायली पुन्हा वाचावयास घेतल्या, आणि काय काय होऊन बसले होते ते दिसू लागले. एका प्रवासवर्णनात ‘पांढुर्णा जिल्ह्यातील पातालकोट’ असे झाले होते. पातालकोट तामियाच्या बाजूला, आजही छिंदवाडा जिल्ह्यातच आहे. एका लेखात शिवनीच्या वकिलांचा उल्लेख होता. शिवनी १९५६ पर्यंत छिंदवाडा जिल्ह्यात मोडत असे, तेव्हा लेखकाने ‘आपल्याच जिल्ह्यातील’ म्हणून लिहिलेले ते वाक्य आता शिवनीला पांढुर्ण्याच्या पोटात घालीत होते. म्हणजे ‘छिंदवाडा जिल्हा’ हे शब्द तेच असले तरी १९३८ चा छिंदवाडा जिल्हा निराळा, १९६० चा निराळा, २०२४ चा निराळा. शब्द एक आणि अर्थ तीन. यंत्राला शब्द दिसला होता; वर्ष दिसले नव्हते.

हे का घडले, हे नीट समजून घ्यावे म्हणून मी त्या मुलाकडून त्या आज्ञेचा इतिहास विचारून घेतला, थोडा स्वतः वाचला. तो मनोरंजक आहे, आणि आपल्या वाचकांना परका वाटू नये असा आहे.

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्स ह्या संगणकप्रणालीचा पाया घातला. त्या काळी संगणकाला पडदा क्वचितच असे. टंकयंत्रासारखे एक यंत्र समोर असे, त्यावर आज्ञा टंकित करावयाची आणि उत्तर कागदाच्या गुंडाळीवर उमटे. साहजिकच मजकूर डोळ्यांपुढे ठेवून त्यात बोट घालण्याची सोय नव्हती. तो न पाहताच त्याला आज्ञा द्यावी लागे : अमुक ओळीत, अमुक शब्दाऐवजी, तमुक शब्द घाल. टॉम्पसन यांनी ह्यासाठी ‘एड’ नावाचे संपादन-साधन लिहिले. आज्ञेचे रूप असे असे : एस, मग तिरपी रेघ, जुना शब्द, तिरपी रेघ, नवा शब्द, पुन्हा तिरपी रेघ. शेवटी ‘जी’ अक्षर लिहिले तर ओळीतील सर्व ठिकाणी बदल होतो. न लिहिले तर प्रत्येक ओळीत पहिल्याच ठिकाणी. ज्यांनी सरकारी राजपत्रातील शुद्धिपत्रे पाहिली आहेत, त्यांना हे रूप ओळखीचे वाटेल. ‘पृष्ठ अमुक, ओळ तमुक, ह्याऐवजी हे वाचावे.’ माझ्या नोकरीच्या काळात मी अशी शुद्धिपत्रे किती काढली असतील त्याची गणती नाही. ‘एड’ची आज्ञा म्हणजे अंमलबजावणीसह आलेले शुद्धिपत्रच.

पुढे लहानशी अडचण आली. त्याच प्रयोगशाळेतील ली मॅकमाहन यांना ‘फेडरलिस्ट’ लेखमालेतील मजकुराचा अभ्यास करावयाचा होता. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या समर्थनार्थ १७८७-८८ साली हॅमिल्टन, मॅडिसन व जे ह्या तिघांनी एकाच टोपणनावाने लिहिलेले हे ८५ निबंध. त्यांतील बारा निबंध नेमके कोणाचे, ह्यावर विद्वानांचा वाद होता. शब्दांच्या वापरावरून लेखक ओळखता येईल काय, असा प्रश्न होता. परंतु एवढा मजकूर ‘एड’च्या पोटात मावेना, कारण ते साधन सारी फाईल एकदम स्मृतीत घेत असे. तेव्हा टॉम्पसन यांनी शोधाचा भाग ‘एड’मधून काढून त्याचे स्वतंत्र साधन केले. त्याचे नाव ‘ग्रेप’. हे नाव ‘एड’च्याच एका आज्ञेवरून पडले : जी म्हणजे सर्वत्र, आर-ई म्हणजे शोधावयाची अक्षररचना, पी म्हणजे छापा. हे १९७३ चे. लगेच १९७३-७४ मध्ये मॅकमाहन यांनी बदल करण्याचेही असेच साधन लिहिले. त्याचे नाव ‘सेड’. आमच्या नातवाने त्या दिवाळीत जी ओळ टंकिली ती ह्याच दोन साधनांची होती : पहिल्याने कोणत्या फायलींत शब्द आहे ते शोधले, दुसऱ्याने बदलले. पन्नास वर्षे झाली तरी ही साधने मोडीत निघालेली नाहीत, ह्याचे मला मोठे कौतुक वाटते. आमच्या कार्यालयात पाच वर्षे टिकलेली पद्धत मी पाहिलेली नाही.

एका विद्वत्तेच्या प्रश्नातून ही साधने जन्मली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. मॅकमाहन यांना निबंधांतील एकही शब्द बदलावयाचा नव्हता. बदलले असते तर लेखक ओळखण्याची खूणच नाहीशी झाली असती.

‘सेड’ काम कसे करतो हे कळल्यावर आमच्या चुकीचे मूळही कळले. तो मजकूर ओळीओळीने आपल्यापुढून जाऊ देतो. एक ओळ येते, तो तीत शब्द शोधतो, बदलतो, पुढे सोडतो, आणि तिला विसरतो. जावक विभागात बसलेल्या बाबूसारखे हे आहे. त्याच्यापुढून कागद जातात, तो प्रत्येकावर शिक्का मारतो, मागच्या कागदावर काय होते ते त्याला ठाऊक नसते. विसरण्याची ही रीत मुद्दाम घेतलेली आहे, तीमुळेच कितीही मोठी फाईल त्याला चालते. पण आजींच्या बक्षीसपत्रात साल पहिल्या ओळीत होते आणि जिल्हा चौथ्या ओळीत. चौथी ओळ हाती आली तेव्हा पहिली ओळ निघून गेली होती.

आता आपल्याकडचे पाहू. ‘सर्वत्र अमुकऐवजी तमुक’ ही आज्ञा संगणकापूर्वी कोणी दिली होती काय? दिली होती, आणि एका फायलीला नव्हे, संपूर्ण देशाच्या कायद्यांना. जुन्या कायद्याचे पुस्तक उघडले तर पानाच्या तळाशी बारीक टाइपात एक टीप वारंवार दिसते : ‘लोकल गव्हर्नमेंट’ ह्या शब्दांऐवजी १९३७ च्या आदेशाने ‘प्रोव्हिन्शियल गव्हर्नमेंट’ आणि १९५० च्या आदेशाने ‘स्टेट गव्हर्नमेंट’ हे शब्द घातले. नोकरीला लागलो तेव्हा मी ह्या टिपा ओलांडून जात असे. पुढे कळले की ह्या टिपांमागे विधि अनुकूलन आदेश आहेत. १९३५ चा भारत सरकारचा कायदा लागू झाला तेव्हा एकदा, स्वातंत्र्यानंतर १९४८ साली, आणि राज्यघटना आली तेव्हा १९५० साली, देशात चालू असलेल्या कायद्यांतील शब्द एकगठ्ठा बदलावे लागले. ‘सेड’ नव्हता, पडदा नव्हता. पण आदेशात दोन स्तंभांचा तक्ता होता. पहिल्या स्तंभातील शब्द जेथे जेथे येईल तेथे दुसऱ्या स्तंभातील शब्द वाचावा.

ह्या आदेशातील एक वाक्यांश मी आमच्या चुकीनंतर पुन्हा वाचला आणि मान खाली घातली. सर्वत्र बदला, असे म्हणतानाच त्या मसुदाकारांनी म्हटले होते : कायद्याचे शीर्षक, त्याची प्रस्तावना, आणि दुसऱ्या एखाद्या कायद्याचा नावाने केलेला निर्देश, ही स्थळे सोडून. शिवाय जेथे निराळे काही सांगितले असेल तेथे ते निराळे. म्हणजे ज्या ठिकाणी शब्द चालू अधिकार दाखवितो तेथे तो बदलावा. ज्या ठिकाणी तो एखाद्या जुन्या गोष्टीचे नाव आहे तेथे त्याला हात लावू नये. शासकीय भाषेची थट्टा करणे सोपे आहे, आणि मीही ती पुष्कळ केली आहे. पण ह्या दीड ओळीच्या अपवादात जे शहाणपण आहे, ते आमच्या एका ओळीच्या आज्ञेत नव्हते.

महाराष्ट्राचे उदाहरण अलीकडचे आहे. १९९५ साली बॉम्बेचे मुंबई झाले. पण कितीतरी कायद्यांच्या नावात ‘बॉम्बे’ तसेच राहिले, कारण कायद्याचे नाव हे नाव आहे. ते बदलण्यासाठी पुढे स्वतंत्र कायदाच करावा लागला आणि २०१२ पासून, उदाहरणार्थ, १९५० चा बॉम्बे पब्लिक ट्रस्ट्स अ‍ॅक्ट हा महाराष्ट्र पब्लिक ट्रस्ट्स अ‍ॅक्ट झाला. उच्च न्यायालयाचे इंग्रजी नाव मात्र आजही बॉम्बे हायकोर्ट हेच आहे. ते बदलण्याचे विधेयक २०१६ साली लोकसभेत मांडले गेले, संमत झाले नाही. कोणी उत्साहाने सगळ्या निकालपत्रांवर ‘एस, बॉम्बे, मुंबई, जी’ चालविली तर काय गोंधळ माजेल त्याची कल्पना करावी.

आपल्या भागात मात्र एक बदल असा झाला, की त्यासाठी तक्ता नव्हता, अपवाद नव्हते, आदेशही नव्हता. त्याविषयी मी थोडे विस्ताराने लिहिणार आहे, कारण तो आपल्या प्रत्येक घरात शिरलेला आहे.

१९५० साली जुन्या मध्यप्रांताचे नाव मध्य प्रदेश झाले तेव्हा राजधानी नागपूर होती, आणि हिंदी व मराठी ह्या दोन्ही भाषांना राजभाषेचे स्थान देणारा कायदाही त्याच वर्षी झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा, त्यातील सौसर तहसिलीसह, नव्या मध्य प्रदेशात राहिला. राजधानी भोपाळला गेली. काटोल, नरखेड पलीकडे आणि पांढुर्णा, सौसर अलीकडे. सोयरिकी दोन्हीकडे. दप्तराची भाषा मात्र इकडे हिंदी झाली. ह्याविषयी तक्रार करण्याचा माझा हेतू नाही. मी स्वतः आयुष्यभर हिंदीतून टिपा लिहिल्या, ‘नस्ती’ वर पाठविली आणि त्या भाषेने मला अन्न दिले. पण दप्तर हिंदी झाले तेव्हा एक अक्षर गळाले. ते अक्षर ‘ळ’.

हिंदीच्या नित्य लेखनात ‘ळ’ नाही. पटवाऱ्याने खसऱ्यात नाव उतरविताना ‘काळे’ चे ‘काले’ केले, ‘माळी’ चे ‘माली’, ‘ढवळे’ चे ‘ढवले’. त्याने ते वाईट हेतूने केले नाही. त्याच्या हाताला जे वळण होते तसे ते उतरले. गावांचेही तसेच. पिपळ्याचे पिपला झाले. आपली जामसावळी, जेथे निजलेल्या मारुतीच्या दर्शनाला लांबलांबून माणसे येतात, कागदोपत्री जामसांवली झाली. ‘ळ’ गेला आणि वर एक अनुस्वार बसला. सौसरवरही कित्येक कागदांत तो अनुस्वार चढून ‘सौंसर’ झाले. पांढुर्णा कधी पांढुर्णा, कधी पांढुर्ना. कोणी एका दिवशी कळ दाबली नाही. हजारो हातांनी, पन्नास-साठ वर्षांत, एकेका कागदावर हा बदल केला, आणि परिणाम एकाच आज्ञेने व्हावा तसा झाला.

आजींच्या अर्जाच्या बाबतीत दुसरा आक्षेप नेमका हाच होता. बक्षीसपत्रातील आडनावात ‘ळ’ आहे. खसऱ्यातील आडनावात ‘ल’. दोन्ही नावे एकाच मनुष्याची हे शपथपत्राने सिद्ध करा, असे त्यांस सांगण्यात आले. त्यांच्या दिरांचे घराणे नरखेडकडे आहे. तिकडच्या सातबाऱ्यावर ‘ळ’ शाबूत आहे. म्हणजे सख्ख्या भावांची आडनावे आज कागदोपत्री दोन आहेत. अशी कुटुंबे वाचकांपैकी अनेकांची असतील.

नातवाने मोठ्या उमेदीने विचारले, “मग आजोबा, उलट आज्ञा देऊ? ल काढून ळ घालू?” संगणकात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. १९९१ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या युनिकोड ह्या जागतिक संकेतात ‘ल’ चा क्रमांक ०९३२ आणि ‘ळ’ चा ०९३३. इतके ते शेजारी. पण एका घरातून दुसऱ्या घरात जाण्याची वाट एकाच दिशेने आहे. ‘काळे’ चे ‘काले’ डोळे मिटून करता येते. ‘काले’ चे ‘काळे’ करता येत नाही, कारण एखादे आडनाव मुळातच ‘ल’चे असते. ‘बालकृष्ण’ असे नाव ठेवणारी घरे आहेत आणि ‘बाळकृष्ण’ ठेवणारीही. हिंदी कागदात दोघेही बालकृष्ण. दोन वेगळे शब्द एकदा एक झाले की त्यांतला कोणता कोण होता हे कागदावरून कळत नाही. ते घरात विचारावे लागते, आणि सांगणारे जिवंत असेपर्यंतच विचारता येते.

शोधही वाटतो तितका सरळ नाही. आम्ही शोधला तो शब्द ‘जिल्हा छिंदवाडा’. परंतु आपल्या कागदांत मराठीतला ‘डा’ आहे आणि हिंदीतला खाली टिंब असलेला ‘ड़ा’ आहे. हा टिंबाचा ‘ड़’ संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो : एकच अक्षर म्हणून, किंवा ‘ड’ आणि टिंब अशी दोन चिन्हे जोडून. डोळ्याला दोन्ही सारखे, शोधणाऱ्याला निराळे. त्यात कोणी अनुस्वार देतो, कोणी ‘छिन्दवाडा’ असा अर्धा ‘न’ लिहितो. दोन गुणिले तीन, एकूण सहा छिंदवाडे झाले. आम्हाला पहिल्या दिवशी सापडला तो एकच. ज्या जुन्या फायली आपल्या मुद्रकाने कृतिदेव टंकात केल्या होत्या त्यांत तर एकही सापडला नाही. त्या टंकात पडद्यावर देवनागरी दिसते, पण आत साठविलेली असते ती इंग्रजी अक्षरांची व चिन्हांची खिचडी. आमच्या अज्ञानाने त्या फायली वाचल्या, असेही म्हणता येईल.

आणि मराठीचे स्वतःचे असे एक वैशिष्ट्य आहे. हिंदीत ‘पांढुर्णा में, पांढुर्णा से’ असे म्हटले तरी शब्दाचे अंग बदलत नाही. मराठीत पांढुर्णा हे पांढुर्ण्यास जाताच बदलते. पांढुर्ण्यात, पांढुर्ण्याहून, पांढुर्ण्याचा. छिंदवाड्याचेही तेच. ‘छिंदवाडा’ शोधणाऱ्याला ‘छिंदवाड्यास’ सापडत नाही. आमचे सामान्यरूप शाळेत मुलांना रडविते; ‘ग्रेप’लाही रडविलेले पाहून मला थोडे समाधान वाटले.

मराठी लेखनातील एक मोठा बदल मात्र ठरवून झाला. १९६२ साली महाराष्ट्र शासनाने मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम मान्य केले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. ‘नाहीं’ चे ‘नाही’, ‘कांहीं’ चे ‘काही’. आमच्या भागात हे नियम उशिरा आले. मी माझ्या वडिलांची पत्रे पाहतो तर त्यांत शेवटपर्यंत ते अनुस्वार आहेत, कपाळावरच्या टिकलीसारखे. मंडळाच्या जुन्या अंकांतील अनुस्वार काढून टाकावेत अशी एक सूचना ह्याच सुमारास आली होती. अनुस्वार काढा अशी आज्ञा दिली असती तर आंब्याचा आबा झाला असता, हे सोडा. पण बरोबर दिली असती तरी वडिलांचा हात गेला असता. ती सूचना मी नम्रपणे नस्तीबद्ध केली.

जुन्या पोथीतील शब्द बदलावा की न बदलावा, हा प्रश्न आपल्या परंपरेला अपरिचित नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रती उतरविता उतरविता तीन शतकांत पाठ बिघडले होते. कोणी अक्षर चुकविले, कोणी आपली ओवी घातली. शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, पैठणास एकनाथांनी निरनिराळ्या प्रती ताडून पाहून ग्रंथ शुद्ध केला, आणि पुढे कोणी त्यात आपली ओवी मिसळू नये असे बजावले. त्यांचेही काम शोधण्याचे आणि बदलण्याचेच होते. पण बदल करण्यापूर्वी त्यांनी प्रती समोर ठेवल्या. आम्ही नातवाच्या ओळीवर भरवसा ठेवला, आणि मूळ फायलींची वेगळी प्रतसुद्धा ठेवली नाही. ‘सेड’च्या प्रचलित आवृत्तीत बदलण्याच्या आज्ञेलाच एक अक्षरपुच्छ जोडले तर जुनी फाईल आपोआप बाजूला राखली जाते, हे त्या मुलाला ठाऊक होते. घाईत राहिले, एवढेच त्याने सांगितले. मी त्याला काही बोललो नाही. कार्यकारिणीत काम मी घेतले होते, त्याने नव्हे.

पुढील सहा महिने दुरुस्तीत गेले. सुदैवाने बहुतेक दस्तांच्या मूळ प्रती घरोघर होत्या आणि जुने अंक छापील होते. मी प्रथम ‘ग्रेप’ने केवळ यादी काढली : कोणती फाईल, कोणती ओळ, ओळीत काय आहे. बदल काही केला नाही. ही यादी छापून घेतली आणि प्रत्येक ओळीपुढे तीन रकाने आखले. आजचा पत्ता असेल तर ‘बदलावा’. जुना दस्त, जुना लेख, जन्मस्थळ, मृत्युलेख असेल तर ‘राहू द्यावा’. संशय असेल तर ‘विचारावे’. पहिल्या रकान्यात अखेर फारच थोड्या ओळी आल्या : सभासदांचे चालू पत्ते, मंडळाचे पत्रशीर्षक, देणगीची पावती. तीनशे फायलींवर जी कुऱ्हाड चालविली तिचे खरे काम अकरा फायलींपुरते होते. जुन्या मजकुरात एकही अक्षर न बदलता, जेथे आवश्यक तेथे पानाच्या तळाशी टीप दिली : हे ठिकाण २०२३ पासून पांढुर्णा जिल्ह्यात. कायद्याच्या पुस्तकांतल्या ज्या टिपा मी तरुणपणी ओलांडून जात असे, तशाच ह्या टिपा आहेत.

आडनावांसाठी वेगळी वही केली आहे. एका बाजूला हिंदी दप्तरातील रूप, दुसऱ्या बाजूला घरात म्हटले जाणारे रूप, आणि ते कोणी, कोणत्या दिवशी सांगितले त्याची नोंद. आजींचे नाव त्या वहीत पहिले आहे. त्यांचे आडनाव मी लिहून दाखविले तेव्हा त्यांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचले, आणि ‘ळ’चा खालचा फाटा नीट काढा म्हणून सांगितले. शपथपत्र, मूळ दस्ताची छायाप्रत आणि आमची दुरुस्त नकल असा अर्ज त्यांच्या मुलाने पुन्हा दाखल केला. तो मंजूर झाल्याचे त्यानेच पोळ्याच्या सुमारास फोनवर कळविले.

‘विचारावे’ ह्या रकान्यात अद्याप सत्तावीस ओळी आहेत. त्यांतील बऱ्याच लोधीखेडा आणि रामाकोना इकडच्या घरांच्या आहेत. ज्यांच्या घरी १९५६ पूर्वीचे मराठी कागद असतील त्यांनी ते पेटीतून काढून ठेवावेत. पावसाळा सरला की वही घेऊन मी येतो.